शर्यतीआधीचे बारा आठवडे

होमर कबुतरांच्या शर्यतींचा हंगाम आपल्याकडे थंडीत सुरू होतो आणि ऊन तापायच्या आत आटोपतो. चेन्नई आणि बेंगळुरूमध्ये हा खेळ चांगला रुजला आहे. महाराष्ट्रात गिरेबाज आणि हायफ्लायर उडवणारे जास्त, पण होमरच्या ढाबळीही आहेत. हा लेख त्या होमर पाळणाऱ्यांसाठी, त्यातही पहिल्या-दुसऱ्या हंगामाच्या तयारीत असणाऱ्यांसाठी आहे.

सराव सुरू झाला की एक तक्रार हमखास कानावर येते: "पक्षी चांगल्या रक्ताचा होता, पण तीस किलोमीटरवरून सोडला तर आलाच नाही." मग दोष रक्ताला, वाऱ्याला किंवा ससाण्याला दिला जातो. खरं कारण बहुतेकदा त्याच्या आधीच्या महिन्यात असतं. पिसं पुरती आलेली नसतात, घशात किंवा पोटात आजार असतो, किंवा पक्षी ढाबळीवर दहा मिनिटांपेक्षा जास्त कधी उडालेलाच नसतो. अशा पक्ष्याला दिशा कळते, पण घरापर्यंत पोचायला दम पुरत नाही. म्हणून तयारीचा क्रम एकच: आधी आरोग्य, मग दम, मग अंतर. हा क्रम उलटा केला की ढाबळ रिकामी होते.

पहिली शर्यत जानेवारीच्या अखेरीस आणि शंभर-दीडशे किलोमीटरची धरू. बारा आठवडे मागे मोजले की आपण नोव्हेंबरच्या सुरुवातीला येतो. पहिले तीन आठवडे तपासणी आणि औषधपाण्याचे, पुढचे तीन ढाबळीभोवतीच्या उड्डाणाचे, नंतरचे चार टॉसचे, म्हणजे पक्षी दूर नेऊन सोडण्याचे, आणि शेवटचे दोन आवरून धरण्याचे. तुमच्या क्लबची तारीख वेगळी असेल तर हेच गणित मागेपुढे सरकवा.

कोणाला उडवायचं, कोणाला नाही

आधी एक पथ्य. बाहेरून विकत आणलेला मोठा होमर उडवू नका. तो सुटला की आपल्या जुन्या ढाबळीकडे निघतो आणि तुमचे पैसेही तिकडेच जातात. तो जोडीसाठी ठेवा आणि त्याची पिल्लं उडवा. जे पिल्लू तुमच्याच ढाबळीत वाढलं, छपरावर बसून ज्याने आजूबाजूचा परिसर पाहिला आणि शिट्टी ऐकून जे आत येतं, तेच सरावाला पात्र.

प्रत्येक पक्षी हातात घ्या आणि पंख उघडा. बाहेरच्या बाजूची दहा मोठी पिसं उड्डाणाची. ती एकदम गळत नाहीत. आतल्या पहिल्यापासून सुरुवात होते आणि शेवटचं, सर्वांत बाहेरचं दहावं, कित्येक महिन्यांनी गळतं. अंगावरच्या पिसांची मोठी गळती साधारण गणपतीपासून दिवाळीपर्यंत चालते. पिसं झडण्याच्या आणि नवी येण्याच्या या काळात पक्ष्याकडून कसलीही मेहनत करून घेऊ नये. नोव्हेंबरात नववं-दहावं पीस अर्धवट असेल, त्याच्या कांडीत अजून रक्त दिसत असेल, तर तो पक्षी टॉसला उशिरा घ्या. उशिरा जन्मलेल्या पिल्लांची गळती त्या वर्षी पुरी होतच नाही. त्यांना पहिल्या हंगामात लांबच्या शर्यतीला घालू नका.

निरोगी पक्षी ओळखायच्या खुणा अनुभवी माणसं न बोलता तपासतात. नाकावरचा फुगवटा खडूसारखा पांढरा हवा. तो राखाडी पडला असेल तर श्वासाचा त्रास शोधा. घसा गुलाबी असावा. त्यात पिवळसर खवले किंवा चिकट तार नको. डोळा कोरडा आणि चमकदार, पिसं रेशमी, आणि हाताला पांढरी भुकटी लागली पाहिजे. अंघोळीच्या पाण्यावर पांढरा थर साचला की समाधान माना. विष्ठा घट्ट, गोळीसारखी, वर पांढरा ठिपका असलेली हवी. छातीचं हाड चाचपा. त्याच्या दोन्ही बाजूंना मांस गोलसर भरलेलं असावं, पण पोटाकडे चरबीची थैली लोंबती नको. होमर साधारण चारशे ते पाचशे ग्रॅमचा असतो. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाचं वजन रिंग नंबरासमोर लिहून ठेवा. पुढे हीच वही सर्वांत जास्त उपयोगी पडते.

औषध अंदाजाने नको

चार-पाच पक्ष्यांची ताजी विष्ठा डबीत घेऊन पशुवैद्याकडे जा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. जंत आणि रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस, यांचा अंदाज त्यातून येतो. कॅन्कर या घशाच्या आजारासाठी तिथला चिकट द्रव तपासतात. जे सापडेल त्यावरच उपचार करा. दर महिन्याला 'सफाई' म्हणून अँटिबायोटिक पाजण्याची पद्धत सोडून द्या. त्याने आतड्यातले चांगले जीवाणू मरतात, आणि खरा आजार येतो तेव्हा तेच औषध लागू पडत नाही.

जंताच्या औषधाबाबत एक खबरदारी. फेनबेंडाझोल, अल्बेंडाझोल या जातीची औषधं नवी पिसं उगवत असताना दिली तर पिसं खुरटी आणि वाकडी येतात, आणि मात्रा चुकली तर पक्ष्याच्या जिवावर बेतू शकतं. गळती संपेपर्यंत थांबा. कोणतं औषध, किती आणि कशातून द्यायचं हे डॉक्टरांना ठरवू द्या.

कोंबड्यांत ज्याला मानमोडी म्हणतात त्या राणीखेतचाच भाऊ म्हणजे कबुतरांचा पॅरामिक्सो विषाणू. लागण झालेला पक्षी भरपूर पाणी पितो, पातळ हगतो, मान वळवतो आणि दाणा टिपताना नेम चुकवतो. याला औषध नाही, प्रतिबंधक लस आहे. ती पहिल्या टॉसच्या निदान तीन-चार आठवडे आधी टोचलेली असावी, म्हणजे अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला वेळ मिळतो. देवी मुख्यतः डासांमुळे पसरते. पावसाळा लांबलेल्या वर्षी जाळी नसलेल्या ढाबळीत ती हटकून शिरते. चोचीजवळ फोड दिसत असलेला पक्षी टोपलीत घातलात तर टोपलीतल्या सगळ्यांना धोका.

ढाबळ कोरडी, हवा खेळती

ढाबळीबद्दल थोडक्यात सांगतो. ती कोरडी असावी, हवा खेळती असावी, पण झोताचा वारा पक्ष्यांच्या अंगावर येऊ नये. प्रत्येक पक्ष्यामागे साधारण अर्धा घनमीटर जागा धरा. वीस पक्ष्यांच्या जागेत चाळीस कोंबले की कितीही चांगला दाणा घाला, श्वासाचे आजार हटत नाहीत. हंगामापूर्वी गर्दी कमी करा आणि उंदरांचा बंदोबस्त करा.

झाडलोट रोज करा आणि ती करताना मास्क लावा. कबुतरांच्या पिसांची व विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते. याच काळजीतून २०२५ मध्ये मुंबईतले कबुतरखाने बंद करण्यावरून वाद पेटला आणि दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला. त्यामुळे शेजाऱ्यांची नाराजी ओढवून घेऊ नका. विष्ठा गोण्यांत भरून बांधा. मोकळ्या कबुतरांसाठी गच्चीवर दाणे टाकू नका, कारण रानकबुतरं आली की त्यांचे रोगही येतात.

दम ढाबळीवरच कमावायचा

पैलवान कुस्तीआधी आखाड्यात जोर-बैठका काढतो, तसे हे तीन आठवडे. सकाळी उजाडल्यावर, पोट रिकामं असताना पक्षी सोडा. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं पुरेत. छपरावर बसून राहायची सवय लागू देऊ नका: एक तर हवेत, नाहीतर आत. झेंडा हलवून उडवायची वेळ पहिल्या आठवड्यात येते, पण रोज झेंड्याने पिटाळावं लागत असेल तर पक्षी आजारी, जाड किंवा कंटाळलेला आहे असं समजा. झेंडा ठेवा आणि कारण शोधा.

हळूहळू वेळ पाऊण तास ते एक तासापर्यंत जाऊ द्या. मग एक दिवस झुंड नजरेआड होते आणि अर्ध्या तासाने वेगळ्याच दिशेने परत येते. नवखा माणूस इथे घाबरतो. वास्तविक ही सर्वांत चांगली खूण आहे. पक्षी मोकळेपणाने लांब फिरू लागले, म्हणजे ते टॉसला तयार झाले. ही खूण दिसल्याशिवाय टोपली उचलू नका.

दोन गोष्टी दिनदर्शिकेतच लिहून ठेवा. दिवाळीच्या फटाक्यांच्या दिवसांत संध्याकाळी पक्षी सोडायचे नाहीत. घाबरलेला पक्षी अंधारात भरकटतो. आणि संक्रांतीच्या आठवड्यात, शहरी भागात, आकाशात मांजा असेपर्यंत सराव बंद. नायलॉन मांजावर बंदी असली तरी तो उडतो, आणि पंखाचा सांधा कापला गेला की तो पक्षी पुन्हा शर्यतीत उतरत नाही. हे सुट्टीचे दिवस बारा आठवड्यांत आधीच धरले की घाई होत नाही.

नर-मादी वेगळे ठेवले तर सरावात लक्ष राहतं. मोठ्या पक्ष्यांसाठी काही जण 'विडोहूड' पद्धत वापरतात. जोडी लावून नंतर वेगळी करायची आणि शर्यतीला जाण्याआधी थोडा वेळ भेटू द्यायचं. घरी पोचल्यावर जोडीदार भेटणार हे एकदा कळलं की नर जीव तोडून येतो. पहिल्या हंगामात मात्र साधी पद्धत बरी.

दाणा: भूक आणि ताकद

एका पक्ष्याला दिवसाला साधारण तीस ग्रॅम, म्हणजे वीस पक्ष्यांना सहाशे ग्रॅम दाणा. मापूनच घाला. पक्षी उडून आले की शिट्टी, लगेच दाणा, आणि दहा-पंधरा मिनिटांत उरलेला दाणा उचला. ओडिशा पोलिसांनी १९४६ मध्ये कोरापूटला लष्कराकडून मिळालेली चाळीस कबुतरं घेऊन निरोपाची सेवा सुरू केली होती. त्यांच्या एका पद्धतीत पक्षी निरोप घेऊन दुसऱ्या ठिकाणी जायचा, तिथे दाणा खायचा आणि उत्तर घेऊन परत यायचा. दाण्याच्या ओढीने एवढं साधतं, तर तुमच्या दारातून झटपट आत येणं नक्कीच साधेल. शिट्टी ऐकूनही पक्षी छपरावर रेंगाळत असेल, तर त्याला जास्त खाऊ घालताय.

मिश्रणाचा ढोबळ हिशेब असा: मका एक तृतीयांश, ज्वारी-बाजरी-गहू मिळून तेवढंच, वाटाणा-हरभरा-मूग-मसूर यांचा पाव भाग, आणि उरलेल्यात करडई, सूर्यफूल, जवस. गळतीच्या काळात पिसांसाठी डाळी जास्त लागतात. सराव वाढला की त्या थोड्या कमी करून मका आणि तेलबिया वाढवायच्या, कारण लांबच्या उड्डाणात कबुतराचे स्नायू मुख्यतः चरबी जाळतात. मेहनत नसलेल्या दिवसांत सातू मिसळून दाणा हलका करा. सातूचा आणखी एक उपयोग म्हणजे तो कबुतरांना सर्वांत शेवटी आवडतो. भांड्यात सातू उरायला लागला की समजायचं, पोटं भरली.

कच्चा, बिनमिठाचा भुईमूग ताकदीचा, पण दिवसाला चार-सहा दाण्यांपलीकडे नको, आणि बुरशीचा वास येणारा तर मुळीच नको. मक्याचंही तेच. ओलसर पोत्यातल्या बुरशीचं विष यकृतावर जातं आणि पक्षी कारणाशिवाय मंदावतात. ग्रिट, शिंपल्याचा चुरा आणि रोज ताजं पाणी कायम समोर हवं. आठवड्यातून एकदा अंघोळ, पण टॉसच्या दिवशी नाही.

टोपली आणि टॉस

टोपलीची भीती आधी घालवा. दोन-तीन रात्री पक्ष्यांना टोपलीत ठेवा, बाहेर अडकवलेल्या पन्हळीतून पाणी प्यायला शिकवा, सकाळी ढाबळीतच सोडा. शर्यतीच्या गाडीत ज्याला पाणी पिता येत नाही तो सुटण्याआधीच अर्धा हरलेला असतो.

आता मार्ग. शर्यत ज्या दिशेने होणार त्याच दिशेला टॉस करा. उदाहरण म्हणून पुण्यातली ढाबळ आणि सोलापूरची दिशा घेऊ. पहिले दोन-तीन टॉस लोणी काळभोरच्या आसपास, मग उरुळी कांचन, यवत, पाटस, आणि शेवटी भिगवण-इंदापूरकडे. म्हणजे रस्त्याने साधारण वीस, तीस, चाळीस, साठ, शंभर आणि एकशे पस्तीस किलोमीटर. ही दिशा नवख्या पक्ष्यांना सोपी, कारण मुलूख बराचसा सपाट आहे. पुणे-मुंबई दिशेला मध्ये घाट येतो, कड्यांवर वारा पिसाटतो, आणि सह्याद्रीच्या सुळक्यांवर शाहीन ससाण्याचा मुक्काम असतो.

प्रत्येक टप्पा निदान दोनदा करा. पक्षी वेळेत, शांतपणे आणि झुंडीने आले तरच पुढे जा. उशीर झाला किंवा ते विस्कटून आले तर तोच टप्पा पुन्हा. आठवड्यात तीन टॉस पुरे. मधल्या दिवशी ढाबळीवर हलकं उड्डाण. सुरुवातीला सगळे एकत्र सोडा. तिसऱ्या आठवड्यापासून दोन-दोन, तीन-तीन सोडा. झुंडीच्या मागे येणारा पक्षी स्वतः वाट काढायला यातूनच शिकतो.

सोडायच्या जागेला उंच विजेच्या तारा नकोत आणि आजूबाजूला मोकळं आकाश हवं. तिथे पोचल्यावर लगेच टोपली उघडू नका. वीस मिनिटं, अर्धा तास पक्ष्यांना आकाश पाहू द्या. भिगवणला उजनीच्या पाण्याजवळ मात्र थांबू नका. हिवाळ्यात तिथे पाणपक्ष्यांबरोबर शिकारी पक्षीही जमतात. रस्त्याने थोडं अलीकडे किंवा पलीकडे जाऊन सोडा.

हवामानाची निवड हा अर्धा सराव आहे. गुस्ताव क्रेमर या जर्मन शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात दाखवलं की पक्षी सूर्यावरून दिशा ठरवतात. १९७१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या विल्यम कीटन यांनी कबुतरांच्या पाठीला लहान चुंबक लावले. सूर्य दिसत होता तेव्हा अनुभवी पक्षी नीट निघाले, ढगाळ हवेत गोंधळले. म्हणजे कबुतराकडे एकाहून अधिक साधनं आहेत, पण नवख्या पक्ष्याला ती सगळी एकदम वापरता येतात असं धरू नका. पहिले टॉस स्वच्छ सूर्यप्रकाशातच करा. धुकं असेल तर विरेपर्यंत थांबा, नाहीतर टोपली परत आणा. पक्षी सरावले की ऑक्सफर्डच्या संशोधकांना दिसलं तसं ते ओळखीच्या भागात रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या रेषा धरूनही येतात. एकाच मार्गावर टप्पे वाढवायचे ते यासाठीच.

थंडीत बहिरी ससाणा उत्तरेकडून आपल्याकडे उतरतो, आणि शिक्रा तर बारमाही शेजारी. सोडायची वेळ आणि जागा अधूनमधून बदला. एका ठिकाणी लागोपाठ हल्ले झाले तर आठवडाभर तिकडे फिरकू नका. ससाणा हा त्याच आकाशाचा हक्कदार आहे आणि कायद्याने संरक्षित आहे. त्याला पकडणं किंवा मारणं गुन्हा आहे.

परत आल्यावर

पक्षी परतला की आधी पाणी, त्यात डॉक्टरांनी सुचवलेलं इलेक्ट्रोलाइट, अर्ध्या तासाने हलका दाणा आणि सावली. कबुतराला घाम येत नाही. अंगातली उष्णता ते श्वासातूनही बाहेर टाकतं, त्यात पाणी भराभर जातं. म्हणूनच टॉस उन्हाआधी. सकाळी सातला सोडलेला पक्षी नऊला घरी हवा, दुपारी भटकता नको.

सावरल्यावर हातात घ्या. छातीचं मांस लालसर-गुलाबी आणि मऊ असेल तर मेहनत झेपली. ते निळसर, काळपट, कडक लागलं तर पुढचा टॉस रद्द. वजन पाहा आणि वहीत लिहा. पाठीवर वारा असताना आलेल्या वेळेने हुरळून जाऊ नका, आणि समोरच्या वाऱ्यात उशीर झाला म्हणून चांगला पक्षी बाद करू नका.

आणि दाराकडे लक्ष द्या. शर्यतीत निकाल मीटर प्रति मिनिट या वेगावर लागतो: सुटण्याच्या जागेपासून तुमच्या ढाबळीपर्यंतचं अंतर भागिले लागलेली मिनिटं. दीडशे किलोमीटर दोन तासांत, म्हणजे मिनिटाला १,२५० मीटर. पण घड्याळ पक्षी छपरावर उतरल्यावर थांबत नाही. रबरी रिंग घड्याळात टाकल्यावर किंवा इलेक्ट्रॉनिक पट्टीवर पाय पडल्यावर थांबतं. छपरावर दोन मिनिटं घालवली की अडीच किलोमीटर हातचे गेले. त्यामुळे प्रत्येक टॉसनंतर शर्यतीसारखंच वागा: तीच शिट्टी, तोच दाणा, तेच दार. इलेक्ट्रॉनिक पट्टी वापरणार असाल तर ती सरावातच लावा. शर्यतीच्या दिवशी दारात नवीन वस्तू दिसली की पक्षी बिचकतो.

शेवटचे दहा दिवस

आता नवीन काही करायचं नाही. शेवटचा लांब टॉस शर्यतीच्या पाच-सहा दिवस आधी, त्यानंतर एखादा तीस-चाळीस किलोमीटरचा, मग ढाबळीवर हलकं उड्डाण. आठवड्याच्या सुरुवातीला दाणा हलका, शेवटचे तीन दिवस मका आणि करडई जास्त. टोपलीत घालायच्या दिवशी पोट गच्च भरू नका. लस, जंताचं औषध, नवीन टॉनिक, सगळं बंद. क्लबमध्ये रिंग नंबर, लसीकरणाची नोंद आणि ढाबळीचं मोजलेलं अंतर आधी तपासून घ्या.

मग वही उघडा आणि नावं खोडायला बसा. ज्याचं वजन गेल्या आठवड्यात पंधरा-वीस ग्रॅमने उतरलं, ज्याने दोन टॉस उशिरा पूर्ण केले, ज्याच्या घशात अजून चिकटपणा आहे, ज्याचं दहावं पीस अर्धं आहे, तो घरी. यादीत वीस असतील आणि तयार बारा असतील, तर बाराच पाठवा. उरलेले आठ पुढच्या शर्यतीपर्यंत तयार होतील. हरवलेले मात्र पुढच्या वर्षीही परत येत नाहीत.